पांचालीची शपथ

जो स्वतःलाच आधी हरला, त्याला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? कौरवांच्या द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेल्या या प्रश्नावर, धर्माची गती सूक्ष्म आहे एवढेच भीष्म सांगू शकले. विसाव्या शतकाच्या आरंभी एका तमिळ कवीने तोच प्रश्न पुन्हा मांडला. मात्र सभा आता हस्तिनापूरची राहिली नव्हती.

सुब्रह्मण्य भारती (१८८२–१९२१) हे टिळकपक्षाचे. १९०७ च्या सुरत काँग्रेसला ते गेले होते. पुढल्याच वर्षी त्यांच्या 'इंडिया' पत्रावर सरकारचा रोष ओढवला, तेव्हा त्यांनी फ्रेंच अंमलाखालील पुदुच्चेरीचा आश्रय घेतला आणि दहा वर्षे तेथेच काढली. पत्राला ब्रिटिश मुलखात बंदी झाली. उघड बोलण्याची वाट अशी बुजल्यावर १९१२ साली 'पांचाली शपथम्' या काव्याचा पूर्वार्ध प्रसिद्ध झाला. लोकांच्या ओठी बसतील अशी सोपी वृत्ते त्यात हेतुतः योजिली होती.

महाराष्ट्राला ही युक्ती नवी नव्हती. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात कर्झनसाहेब आणि सैरंध्रीत परतंत्र भारतभूमी ओळखली, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. पण तेथे सैरंध्रीच्या वतीने सूड उगवतो तो भीम. भारतींनी मात्र काव्याला नावच पांचालीच्या शपथेचे दिले.

आणि कवीचा संताप केवळ दुःशासनावर नाही. कथा मध्येच थांबवून तो धर्मराजाला बोल लावतो: पुजाऱ्यानेच देवाची मूर्ती विकावी, तसे हे कृत्य! वाटेवर उभे राहून हळहळणाऱ्या नगरजनांनाही तो भ्याड म्हणतो. (परवशतेचा दोष केवळ परक्यांच्या माथी मारणाऱ्यांना हे रुचले नसेल.) त्याचे भीष्म तर याहून पुढे जातात. पूर्वी स्त्रीपुरुष समान होते, आजचे शास्त्र स्त्रीला पतीची मालमत्ता मानते, हे ते कबूल करतात. आणि तरीही स्वस्थ बसतात. येथे रूपक गळून पडते. पांचाली भारतमाता असेल; पण त्याआधी ती बाजारातल्या गुरासारखी पणाला लागलेली एक स्त्री आहे. भगिनी निवेदितांना गुरू मानणाऱ्या कवीला या दोन दास्यांत भेद करता आला नाही.

दुःशासन-दुर्योधनांच्या रक्ताने माखल्यावाचून केस बांधणार नाही, ही शपथ पांचाली घेते. देव तिला अनुमोदन देतात आणि काव्य तेथेच थांबते. पुढचे युद्ध भारतींनी लिहिले नाही. ज्या उत्तरार्धात ही शपथ आहे, तो छापून निघाला १९२४ साली. कवीला जाऊन तेव्हा तीन वर्षे होत आली होती.