दार उघडे ठेवणारी मंडळी
मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चची वाटचाल

कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन पार्क येथे रेव्हरंड ट्रॉय पेरी यांच्या घराच्या बैठकीत ६ ऑक्टोबर १९६८ रोजी बाराजण उपासनेला जमले. नऊजण पेरींचे स्नेही, तर उरलेले तिघे ‘द ॲडव्होकेट’ या समलिंगींच्या नियतकालिकातील जाहिरात वाचून आलेले. मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चची (एमसीसीची) स्थापना ती हीच. पेरी मूळचे फ्लोरिडाचे, पेंटेकॉस्टल परंपरेत वाढलेले. पंधराव्या वर्षी त्यांना प्रवचनाचा परवाना मिळाला होता. पुढे समलिंगी असल्यामुळे पाळकपद गेले, संसार मोडला आणि १९६८ मध्ये त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यातून सावरलेल्या या माणसाने तक्रार करत न बसता स्वतःच मंडळी उभी केली, हे विशेष.

बैठकीतली जागा लवकरच अपुरी पडू लागली. मग हॉलीवूडच्या एन्कोर थिएटरमध्ये रविवारची उपासना भरू लागली. येणाऱ्यांत बॅप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते आणि मिस्सा चुकवला की चुटपुट लागणारे कॅथलिकही होते. त्यामुळे एकीकडे पेंटेकॉस्टल टाळ्या व गीते, दुसरीकडे दर रविवारी प्रभुभोजन, अशी मिश्र रीत इथे रुजली. प्रभुभोजनाला कोणीही यावे, बाप्तिस्मा कुठे झाला हे विचारले जाणार नाही, हा नियम पहिल्यापासूनचा.

लग्नांचा प्रश्नही पहिल्याच हंगामात समोर आला. सरकारी कागद मिळणार नाही हे ठाऊक असूनही पेरींनी समलिंगी जोडप्यांचे विधी उपासनेत लावायला सुरुवात केली. अशा विवाहाला कायद्याची मान्यता मिळावी म्हणून १९७० मध्ये त्यांनी दावाही गुदरला. दावा फेटाळला गेला, विधी मात्र थांबले नाहीत. त्याच वर्षी ठिकठिकाणच्या मंडळ्यांची पहिली परिषद भरली आणि एका शहरातल्या चर्चचा पंथ झाला. मार्च १९७१ मध्ये लॉस एंजेलिसमधील स्वतःच्या पहिल्या वास्तूचे समर्पण झाले.

१९७३ हे साल संस्थेची कसोटी पाहणारे ठरले. २७ जानेवारीला ती वास्तू जळून खाक झाली. २४ जूनला, रविवारी, न्यू ऑर्लिन्सच्या ‘अपस्टेअर्स लाउंज’ या दुसऱ्या मजल्यावरील बारला कोणीतरी आग लावली. उपासना आटोपून तेथील एमसीसी मंडळीचे बरेच सभासद त्या संध्याकाळी तिथे जमले होते. एकूण ३२ जण गेले. पाळक बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकून जळाले. सहायक पाळक जॉर्ज मिचेल सुखरूप बाहेर पडले होते. जोडीदार लुई ब्रुसार्ड आतच राहिल्याचे कळताच ते परत आत धावले. दोघांचे मृतदेह एकत्र सापडले. ज्यांच्या नात्याला शहरातले दुसरे कोणतेही चर्च लग्न म्हणायला तयार नव्हते, त्या माणसांची निष्ठा अशी होती.

मृतांसाठी प्रार्थना करायलाही जागा मिळेना. एपिस्कोपल पाळक विल्यम रिचर्डसन यांनी सेंट जॉर्जेस चर्चमध्ये छोटी प्रार्थना घेतली आणि आपल्याच सभासदांचा रोष पत्करला. १ जुलैला सेंट मार्क्स युनायटेड मेथडिस्ट चर्चने स्मरण-उपासनेसाठी दार उघडले. समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे, असे याच मेथडिस्ट पंथाने १९७२ मध्ये नियमात लिहिले होते; तरीही पंथाचे बिशप फिनिस क्रचफील्ड त्या दिवशी उपस्थित राहिले. उपासना संपताना बाहेर कॅमेरे उभे असल्याची बातमी आली. चेहरा दिसला तर नोकरी जाण्याचे ते दिवस. ज्यांना नको असेल त्यांनी बाजूच्या दाराने जावे, असे पेरींनी सुचवले. बाजूच्या दाराने कोणीच गेले नाही. सगळे समोरून बाहेर पडले. या संस्थेच्या इतिहासात याहून मोठा प्रसंग शोधून सापडणार नाही.

पुढची दोन दशके इतर चर्चेसच्या पंगतीत जागा मिळवण्यात गेली. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसने १९८३ मध्ये सदस्यत्वाचा अर्ज बेमुदत लांबणीवर टाकला. १९९२ मध्ये निरीक्षक म्हणूनही घेतले नाही. दरम्यान एड्सच्या साथीत मंडळ्या आपल्या माणसांची शुश्रूषा आणि अंत्यविधी करत राहिल्या. कॅथलिकांतही १९६९ पासून ‘डिग्निटी’ ही समलिंगी भाविकांची संघटना काम करत होती. १९८६ मध्ये, चर्चची शिकवण डावलणाऱ्या संघटनांना आधार देऊ नये असे बजावणारे, कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीचे पत्र रोमहून निघाले आणि अनेक ठिकाणी तिला चर्चच्या वास्तूंतून बाहेर पडावे लागले.

विवाहाचे गाडे पुढे सरकले ते कॅनडातील टोरांटोत. लग्नाआधी रविवारच्या उपासनेत वधूवरांची नावे पुकारण्याची चाल वसईच्या कॅथलिक वाचकांना नवी नाही. तिथल्या ओंटारियो प्रांताच्या कायद्यात असा पुकारा सरकारी परवान्याऐवजी चालतो. टोरांटो एमसीसीचे पाळक ब्रेंट हॉक्स यांनी नेमकी ही जुनी तरतूद हाती घेतली. डिसेंबर २००० मध्ये दोन समलिंगी जोडप्यांची नावे पुकारली गेली आणि १४ जानेवारी २००१ रोजी दोन्ही लग्ने लागली. धमक्या एवढ्या की हॉक्स यांनी झग्याखाली बुलेटप्रूफ जाकीट घातले होते. सरकारने नोंदणी नाकारली. चर्च स्वतः पक्षकार होऊन कोर्टात लढले. १० जून २००३ रोजी ओंटारियोच्या अपील न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली आणि ती दोन लग्नेही वैध ठरली. पुढच्याच महिन्यात पेरींनी आपल्या जोडीदाराशी टोरांटोच्या याच चर्चमध्ये लग्न केले. त्या विवाहाच्या मान्यतेसाठी कॅलिफोर्नियात दिलेल्या लढ्याला मे २००८ मध्ये यश आले. नोव्हेंबरमध्ये कॅथलिक बिशप आणि इव्हँजेलिकल चर्चेस यांच्या पाठबळावर जनमताने समलिंगी विवाहाचा हक्क काढून घेतला, आणि २०१३ मध्ये तो परत मिळाला.

एव्हाना प्रोटेस्टंट पंथांतही वारे बदलले होते. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने २००५ मध्ये विवाह-समानतेचा ठराव केला. प्रेस्बिटेरियन आणि एपिस्कोपल चर्चेसनी २०१५ पर्यंत विधींचे दार उघडले. मेथडिस्टांनी १९७२ चे ते वाक्य काढले २०२४ मध्ये, तेही पंथ फुटल्यानंतर. सदर्न बॅप्टिस्ट ठाम विरोधात आहेत. रोमने डिसेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्यांना विधीबाहेरचा साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली. विवाह स्त्री-पुरुषांचाच, ही शिकवण कायम ठेवली. आफ्रिकेतील बिशपांना तेवढी मुभाही मानवली नाही.

इतरांची दारे उघडली तशी एमसीसीची सभासदसंख्या रोडावली. डॅलसचे ‘कॅथेड्रल ऑफ होप’ हे तिचे सर्वांत मोठे चर्च बाहेर पडून युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये गेले. पेरी २००५ मध्ये निवृत्त झाले. नॅन्सी विल्सन यांनी २०१६ पर्यंत धुरा वाहिली, आणि २०१९ मध्ये सेसिलिया एगल्स्टन यांची निवड झाली. समलिंगी विवाहाचा कायदा नसलेल्या देशांतही आज या पंथाच्या मंडळ्या आहेत. तिथे समलिंगी जोडप्यांचे विधी होतात आणि त्यांची नोंद मंडळी आपल्या दप्तरात ठेवते.