कोतवालाविरुद्ध दाद कोणाकडे?

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासातील एखाद्या विषयावर लिहावे, अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा माझ्या मनातील एक जुनी बोच पुन्हा जागी झाली. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक; संशोधक नव्हे. परंतु ज्या प्रश्नापाशी मी स्वतः एकदा चुकलो, त्याच प्रश्नापाशी दोनशे वर्षांपूर्वीची रयत कशी अडली होती, हे ज्ञातिबांधवांपुढे मांडावे असे वाटते. ज्याने रक्षण करावयाचे त्यानेच छळ मांडला, तर दाद कोणाकडे मागावी, हा तो प्रश्न होय.

घाशीराम सावळदास हा इ. स. १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला. शहरातील गस्त, चोरांचा तपास, दंडवसुली इत्यादी कामे कोतवालीकडे असत. नाना फडणिसांचा घाशीरामावर विश्वास होता आणि त्या विश्वासाच्या आड लोकांची गाऱ्हाणी अडून राहिली. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यास आलेल्या काही तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी चोर ठरवून एका कोंदट जागेत डांबले. श्वास कोंडून त्यांतील वीसहून अधिक जण मरण पावले. मानाजी फाकडे या सरदाराने कुलूप तोडून दार उघडले, तेव्हा कोठे ही गोष्ट सवाई माधवराव पेशव्यांच्या कानी गेली. पुढे नानांच्या दारी क्षुब्ध जमाव लोटला, घाशीराम त्या जमावाच्या हवाली झाला आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी लोकांनी त्यास दगडांनी ठार केले.

१९७२ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकामुळे घाशीरामाचे नाव घरोघरी झाले. पण नाटक बाजूस ठेवून केवळ घटनेकडे पाहिले, तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. दार उघडले ते कोणा न्यायाधीशाच्या हुकुमाने नव्हे, तर एका सरदाराच्या धाडसाने. चौदा वर्षांच्या कारभारात गाऱ्हाणे ऐकणारी एखादी निराळी जागा असती, तर ते निरपराध जीव कदाचित वाचले असते. आणि घाशीरामाचाही निवाडा दगडांनी न होता कायद्याने झाला असता. जेथे तक्रारीस वाट नसते, तेथे अखेर जमाव वाट काढतो, आणि जमावाची वाट न्यायाची असतेच असे नाही.

पेशवाई गेली, कंपनी सरकार आले. कागद वाढले, कचेऱ्या वाढल्या. पण मूळ अडचण तशीच राहिली. याचा पुरावा मद्रास इलाख्यात मिळतो. तेथे सारावसुलीचे व पोलिसांचे अधिकार तहसीलदाराच्या एकाच हाती होते. थकलेला सारा काढण्यासाठी किंवा गुन्ह्याची कबुली घेण्यासाठी रयतेस उन्हात ओणवे उभे करणे, बोटे चिमट्यात आवळणे, डोळ्यांत मिरची घालणे असे प्रकार चालत. विलायतेच्या पार्लमेंटात यावर चर्चा झाली व १८५४ मध्ये एलियट, स्टोक्स आणि नॉर्टन या तिघांचे चौकशी मंडळ नेमले गेले. त्याच्यापुढे जवळजवळ दोन हजार तक्रारी आल्या. कोणी शेकडो मैलांची पायपीट करून आले, कोणी पत्रे पाठविली.

१८५५ च्या अहवालातील मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट छळाच्या वर्णनाची नाही. पदरमोड करून, शेत टाकून एखादा रयत वरिष्ठ कचेरीत पोहोचला, तरी त्याच्या अर्जावर शेरा मारून तो खालच्या अंमलदाराकडे परत पाठविला जाई. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, बहुधा त्याच्याच हाती! अर्जदाराची पुढे काय गत होत असेल, ते सांगावयास नको.

१८५९ मध्ये मद्रास इलाख्यासाठी व १८६१ मध्ये अधिक व्यापक असा पोलीस कायदा झाला. पोलीसखाते महसुलापासून वेगळे झाले. तरीही पोलिसांविरुद्धची तक्रार पोलीसच तपासणार, हे चक्र थांबले नाही. १९०२ साली नेमलेल्या फ्रेझर आयोगानेही या खात्यातील लाचलुचपत व जुलूम यांवर कडक ताशेरे ओढले.

स्वातंत्र्यानंतर हे चक्र भेदण्याच्या कामी एका साध्या पत्राचे मोठे साहाय्य झाले. बंगालमधील कायदेविषयक साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतील मृत्यूंविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांस पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. डिसेंबर १९९६ च्या निकालाने अटकेचा कागद करणे, त्यावर साक्षीदाराची सही घेणे, नातलगांस कळविणे आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक झाले. पुढे २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली निराळी प्राधिकरणे नेमावीत, असा आदेश न्यायालयाने दिला. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने राज्य व विभागीय पातळीवर अशा प्राधिकरणांची तरतूद केली. १७९१ मध्ये जी वाट नव्हती, ती कायद्याच्या पुस्तकात तरी आता आहे.

आता माझी चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या गावी नोकरीस होतो, तेथील आपल्याच ज्ञातीतील एका तरुणास चोरीच्या संशयावरून चौकीत नेऊन बेदम मारले. चोर दुसराच निघाला. त्याचे वडील अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आले, तेव्हा मी म्हणालो, “दादा, लिहून काय उपयोग? चार वडीलधारे घेऊन साहेबांनाच भेटू.” भेटलो, चहा झाला, दिलगिरीचे दोन शब्द ऐकून आलो. पुढे मुलाचा हात वाकडाच राहिला, तेव्हा तक्रार करावी म्हटले; पण ना डॉक्टरांचा दाखला होता, ना तारीख आठवत होती, आणि वर्षही उलटून गेले होते. १९९३ च्या मानवी हक्क कायद्यानुसार, घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगास चौकशी करता येत नाही. त्या बापाने मला कधी बोल लावला नाही, हेच मला अधिक टोचते.

म्हणून प्रत्येक कुटुंबास माझे एवढेच सांगणे आहे. असा प्रसंग कोणावर न येवो. पण आलाच, तर ज्ञातीतील वजनदार माणसाचा शोध घेण्याआधी कागद घ्या. तारीख, वेळ, ठिकाण व साक्षीदार लिहा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातून दाखला मिळवा. ठाण्यात गुन्ह्याची नोंद न घेतल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी अर्ज पाठविता येतो व त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही सोय आहे. अर्जाची नक्कल आणि पोच जपून ठेवा. पोलिसांतही सज्जन पुष्कळ आहेत, आणि खरा कागद त्यांचेही हात बळकट करतो.

मानाजी फाकडे दर वेळी दाराशी येईलच असे नाही. तारीख घातलेला अर्ज मात्र आपल्यापैकी कोणालाही लिहिता येतो. लिहिता येत नसेल त्याने माझ्याकडे यावे. या वेळी मी ‘काय उपयोग’ असे म्हणणार नाही.