सुधारलेले काडतूस आणि सुधारणेचे माप

‘सुधारणा’ हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १८८८ साली आगरकरांनी आपल्या पत्रास ‘सुधारक’ हेच नाव दिले. आणि नवे ते खरोखर सुधारलेले की केवळ निराळे, हा वाद आमच्या घराघरांतून पुष्कळ काळ रंगला. तोच प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेतील बंदुकांच्या कारागिरांनी एका पितळी पुंगळीविषयी विचारला. विषय आमच्या वाचकांस आडवळणाचा वाटेल, हे आम्ही जाणतो. तथापि त्याचा इतिहास बोधप्रद असल्यामुळे तो येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

रायफलीच्या काडतुसाचे अवयव चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी पेट घेणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पुंगळीचे धड वर किंचित निमुळते होत जाते व पुढे एकदम आवळून त्याची मान बनते. या आवळणाऱ्या भागास ‘खांदा’ म्हणतात. नळीच्या बुडाशी ज्या पोकळीत काडतूस बसते ती ‘चेंबर’. कारखान्यांच्या काडतुसांची मापे व त्यांतील दाबाची मर्यादा ठरविण्यासाठी अमेरिकेत १९२६ साली उत्पादकांची एक संस्था स्थापन झाली. या शिस्तीबाहेर कारागिरांनी आपल्या कल्पनेने घडविलेल्या काडतुसांस ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर, असे नाव पडले. त्यांच्यातीलच एक कूळ ‘सुधारलेल्या’ काडतुसांचे. चेंबर थोडे रुंद कोरावयाचे व त्यात नेहमीचेच काडतूस उडवावयाचे. दाबाने पितळ फुगते, धड सरळ होते, खांदा उभा राहतो आणि पुढच्या वेळी दारूस अधिक जागा मिळते.

या कुळाचा मूळपुरुष नव्हे, पण सर्वांत नामांकित पुरुष म्हणजे पार्कर ऑटो ॲक्ली (१९०३–१९८९). दुसऱ्या महायुद्धानंतर कोलोरॅडोतील ट्रिनिडाड गावी त्याचे दुकान होते, आणि तेथील महाविद्यालयात तो बंदुकीची कारागिरीही शिकवीत असे. त्याने पुष्कळ काडतुसांना चाळीस अंशांचा खांदा दिला. त्याचा एक प्रयोग फार गाजला. .३०-३० जातीच्या ‘सुधारलेल्या’ काडतुसासाठी चेंबर कोरलेल्या विंचेस्टर रायफलीत बोल्टला मागून धरून ठेवणारा अडसरच त्याने काढून टाकला आणि बार उडविला. रायफल फुटली नाही. सरळ धडाची पुंगळी चेंबरच्या भिंतींना घट्ट धरून बसली आणि मागे येणारा रेटा तिने बराचसा पेलला.

प्रयोग धाडसाचा खरा. पण त्यावरून कित्येकांनी काढलेले अनुमान घातक होते. पुंगळी भिंतीला चिकटते म्हणून दारू वाढविण्यास हरकत नाही, असे त्यांस वाटू लागले. वस्तुतः नळीतील दाब तेवढाच राहतो. त्याची बाह्य चिन्हे मात्र झाकली जातात. त्या काळी हौशी माणसापाशी दाब मोजण्याचे साधन नव्हते. टोपी किती चपटी झाली, बोल्ट उचलताना किती जड लागला, एवढ्यावरच सारा अंदाज. जी पुंगळी बोल्ट जड होऊ देत नाही, ती आपल्या मालकास सावधही करीत नाही. आणि ही चूक बंदूक गालाशी धरून केलेली असते.

आता लाभ किती, ते पाहू. दाब, नळी व गोळी तीच ठेविली, तर पुंगळीची जागा शेकडा चार वाढली असता गोळीचा वेग सुमारे शेकडा एक वाढतो, असा अनुभवसिद्ध नियम आहे. अमेरिकेच्या प्रसिद्ध .३०-०६ काडतुसास सुधारणेने जागा मिळते ती शेकडा पाचांच्या आसपास; म्हणजे वेगात वाढ सव्वा टक्का. दर सेकंदास २,८०० फूट जाणारी गोळी २,८३५ फूट जाईल. तीनशे यार्डांवर तिच्या पडण्यात फरक होईल तो अगदी थोडा. एकाच पेटीतील दोन काडतुसांच्या वेगांतही एवढे अंतर पडू शकते!

जेथे मूळची पुंगळी फार निमुळती, तेथे लाभ मोठा. इंग्लंडातील हॉलंड अँड हॉलंड यांचे .३०० मॅग्नम १९२५ साली निघाले. १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियातील रॉय वेदरबी याने त्याचेच धड फुगवून आपले .३०० मॅग्नम बनविले. येथे जागा शेकडा पंधराच्या सुमारास वाढली. तेव्हा नुसत्या जागेपोटी वेग पावणेचार टक्के, म्हणजे शंभर फुटांहून अधिक, वाढावयास हवा. परंतु मूळचा निमुळता आकार काही अडाणीपणाने दिलेला नव्हता. आत कॉर्डाइट दारूच्या लांब काड्या भरावयाच्या असत. शिवाय आफ्रिकेच्या व हिंदुस्थानच्या उन्हात दाब चढला, तरी रिकामी पुंगळी अडकून न बसता सहज निघावी, हा हेतू होता. समोर वाघ असता पुंगळी चेंबरमध्ये रुतून बसली, तर शंभर फुटांचा अधिक वेग काय कामाचा? आखूडशिंगी आणि बहुदुधी अशी गाय बंदुकीच्या बाजारातही मिळत नाही.

मग वाइल्डकॅटवाल्यांच्या बढाईत यापेक्षा कितीतरी मोठे आकडे का दिसत? त्याचे मुख्य कारण दाब. जिम कॉर्बेटला १९०७ साली भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफल ज्या सात मिलिमीटर माउझर काडतुसाची, त्याचीच मान आवळून .२५७ रॉबर्ट्‌स झाले, आणि १९३४ साली रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणिले. जुन्या माउझर रायफलींतही ते वापरले जाईल, म्हणून त्याचा दाब बेताचा ठेवण्यात आला. १९५७ च्या .२८० रेमिंग्टनची मर्यादा दर चौरस इंचास ६०,००० पौंड. त्याच्या ॲक्ली-सुधारित रूपाला नॉस्लर कंपनीच्या पुढाकाराने या शतकाच्या पहिल्या दशकात मानक दर्जा मिळाला, तेव्हा त्याची मर्यादा ठरली ६५,०००. दोघांच्या वेगांची तुलना करून सारा फरक खांद्याच्या नावे लिहिणे म्हणजे शेजारच्या विहिरीचे पाणी घेऊन आपल्या बागेची फुशारकी मारणे होय. तर्कशास्त्राच्या वर्गात मिलची व्यतिरेक पद्धती शिकविताना आम्ही सांगतो की, दोन उदाहरणांत एकाच गोष्टीचा भेद असेल, तरच परिणामातील भेद तिच्या माथी मारता येतो. येथे दोन गोष्टी बदलल्या होत्या.

एवढ्यावरून ‘सुधारणा’ निरर्थक ठरते, असे मात्र आमचे म्हणणे नाही. सरळ धडाचे व उभ्या खांद्याचे पितळ बार उडताना कमी ताणले जाते, त्यामुळे तीच पुंगळी अधिक वेळा भरता येते. आपली काडतुसे घरी भरणाऱ्यास हा लाभ खरा आणि रोजचा आहे. शिवाय कित्येक रानमांजरे पुढे माणसाळली : .२२-२५० हे १९६५ साली आणि .२५-०६ हे १९६९ साली रेमिंग्टनने कारखान्यात घेतले. कारागिरांच्या खटाटोपाविना ती जन्मासच आली नसती.

तेव्हा सुधारलेले काडतूस मूळच्याहून सरस आहे काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : होय, पण बहुधा थोडेसेच, जेथे मूळ पुंगळी फार निमुळती होती, तेथे बरेचसे, आणि जेथे ते फारच सरस दिसते, तेथे प्रथम दाब विचारावा. सुधारणेचा अभिमान बाळगणाऱ्याने मूळ वस्तू तशी का घडविली होती, हे आधी जाणून घ्यावे व मग दोघांस एकाच मापाने मोजावे. त्यानंतर जे उरेल तेवढेच सुधारणेचे श्रेय. ते थोडे निघाले, तरी ते तिला मोकळ्या मनाने द्यावे.