निष्कर्षण : हिरडा आणि भांग

वनस्पतीच्या पानात, फळात, सालीत वा मोहरात साठलेले उपयुक्त द्रव्य योग्य द्रवात उतरवून घेणे, उरलेला चोथा दूर सारणे आणि तो द्रव आटवून किंवा उडवून ते द्रव्य घट्ट वा कोरड्या रूपात हाती घेणे, या क्रियेस निष्कर्षण म्हणतात. ज्या द्रवात द्रव्य उतरते तो विद्रावक होय. विद्रावक कोणता घ्यावा आणि पात्रे कशाची असावीत, हे ठरविण्याचा अधिकार त्या द्रव्याच्या स्वभावाचा आहे. यंत्रांची किंमत व कारखानदाराची सोय यांचा विचार त्यानंतरचा. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील हिरडा आणि पूर्वी मुंबई इलाख्यात सरकारी परवान्याने पिकणारा गांजा (भांगेच्या मादी झाडाचा मोहर) यांची तुलना केली असता ही गोष्ट जशी स्पष्ट होते, तशी ती नुसत्या व्याख्येने होत नाही. कारण हिरडा पाण्याला सहज वश होतो, तर भांगेची राळ पाण्याला दाद देत नाही.

हिरडा : जुन्नर तालुक्यातील खोडदच्या बागायती सपाटीवरून, जेथे रेडिओ-दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, पश्चिमेची वाट धरली म्हणजे ऊस, कांदा व टोमॅटो यांचा मुलूख मागे पडतो, आणि कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या उगमाकडील डोंगरपट्ट्यात हिरड्याची झाडे दिसू लागतात. तेथील महादेव कोळी कुटुंबे कोवळेपणी गळालेली वा उतरविलेली फळे उन्हात वाळवितात. वाळून काळी व सुरकुतलेली झालेली ही फळे म्हणजे बाळहिरडा, आणि त्याच्या विक्रीतून पावसाळ्यापूर्वीचा खर्च भागविणारी घरे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. बाळहिरडा मुख्यतः औषधाकडे जातो. पक्व फळ कातडी कमावण्यास व रंगकामास उपयोगी पडते. पक्व व वाळलेल्या फळाच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा टॅनिन असते आणि ते पाण्यात विरघळते.

म्हणून हिरड्याचा विद्रावक पाणी. परंतु पाणी म्हटले की काम संपले, असे मात्र नाही. पाणी गरम असावे, पण दीर्घकाळ खळखळू देऊ नये. हिरड्याचे टॅनिन जलविघटनशील वर्गातले असल्याने अतिउष्णतेत ते मोडते, त्यातून एलॅजिक आम्ल वेगळे होऊन गाळ बसतो आणि उतारा घटतो. जड पाण्यातील क्षारांनीही टॅनिन वाया जाते. फळ आधी भरडावे लागते, कारण अखंड फळात पाणी लवकर शिरत नाही आणि पीठ केल्यास त्याचा लगदा होऊन पाणी झिरपेनासे होते. भरडलेला माल ओळीने मांडलेल्या चारसहा हौदांत भरून ताजे पाणी प्रथम जवळजवळ निःसत्त्व झालेल्या चोथ्यावर सोडतात, आणि तेथून पुढे पुढे सरकत आलेला, उत्तरोत्तर गडद झालेला अर्क शेवटी कोऱ्या मालावर घालतात. या उलट्या क्रमामुळे थोड्या पाण्यात अधिक सत्त्व येते व पुढे आटविण्याचे इंधन वाचते.

पात्राविषयी एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो, तो म्हणजे अर्काला लोखंड लागू न देणे. टॅनिन व लोह यांचा संयोग होताच निळसर काळा रंग उत्पन्न होतो. हिरडा व हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून काळी शाई करण्याची जुनी कृती याच गुणावर आधारलेली आहे. लेखणीला जे हितकारक, तेच चर्मकाराच्या मालाला डाग पाडणारे. यास्तव पूर्वी लाकडी हौद व तांब्याची भांडी वापरीत. आता स्टेनलेस स्टील वापरतात. अर्क आटविण्यासाठी निर्वात बाष्पीभवनपात्र इष्ट, कारण हवेचा दाब उतरविला की पाणी कमी उष्णतेत उकळते व टॅनिन मोडत नाही. पातळ अर्क ठेवून देणे धोक्याचे. त्यातील शर्करा आंबते.

भांग : भांगेच्या मादी झाडाच्या मोहरावरील सूक्ष्म ग्रंथींत जी राळ स्रवते तिच्यात कॅनाबिनॉइड द्रव्ये असतात. ती मेदात, अल्कोहॉलात व हायड्रोकार्बनांत विरघळतात. पाण्यात जवळजवळ नाहीच. आपल्या वैद्यांना हे आधुनिक रसायनाच्या भाषेत ठाऊक नसले तरी व्यवहारात पूर्णपणे ज्ञात होते: विजयेच्या, म्हणजे भांगेच्या, शोधनात ती पाण्याने धुतात, दोलायंत्रात (पुरचुंडी द्रवात टांगून) गाईच्या दुधात स्वेदित करतात, तुपात भाजतात. पाणी येथे धुण्यापुरते आहे, आणि गुण धरून ठेवण्याचे काम दूध-तुपातील स्नेहाकडे दिलेले आहे. १८३९ मध्ये कलकत्त्यास ओशॉनेसी या डॉक्टरांनी गांजा मद्यार्कात उकळून त्याचा अर्क सिद्ध केला व तो पाश्चात्त्य औषधशास्त्रात रूढ केला. गांजाविषयीच्या सरकारी आयोगाच्या (१८९३–९४) चौकशीत मुंबई इलाख्यातील लागवडीच्या संदर्भात अहमदनगर जिल्ह्याचे नाव ठळकपणे येते.

आज परवानाधारक औषधनिर्मितीत तीन प्रकारचे विद्रावक विचारात घेतले जातात. एथिल अल्कोहॉल स्वस्त, ऊसपट्ट्यात सुलभ आणि अवशेषाच्या दृष्टीने सौम्य आहे. मात्र ते राळेबरोबर हरितद्रव्य व मेणही ओढून आणते, म्हणून नंतरचे शुद्धीकरण वाढते. कार्बन डाय-ऑक्साइड ३१ अंश सेल्सिअस व सुमारे ७३ वातावरणे दाब यांच्या वर द्रव व वायू यांच्यामधल्या अवस्थेत राहून उत्तम विद्रावक बनतो, दाब उतरताच निघून जातो व मागे काही ठेवीत नाही. पण त्यास जाड भिंतींची पात्रे, उच्चदाबाचे पंप व निष्णात मनुष्यबळ लागते, आणि भांडवलाचा आकडा लहान उद्योजकाच्या आवाक्याबाहेर जातो. तिसरा प्रकार हायड्रोकार्बनांचा. त्यांपैकी ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली उकळतो, त्याची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. बंद परिपथ, स्फोटरोधक विद्युत्-उपकरणे व अखंड वायुवीजन यांवाचून त्यास हात लावणे प्राणाशी गाठ होय. तेलबियांच्या कारखान्यांत रूढ असलेले हेक्झेन मज्जातंतूंस अपायकारक असल्याने औषधातील त्याच्या अवशेषाची मर्यादा फार कडक ठेवली आहे.

भांगेच्या बियांचे तेल हा अगदी निराळा पदार्थ समजावा. बियांत राळ नसते. तेल घाण्यावर दाबून निघते, विद्रावक लागत नाही. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बी, बियांचे तेल व पीठ यांस खाद्य म्हणून मान्यता दिली.

राळेच्या अर्काची गोष्ट वेगळी. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात चरसाच्या व्याख्येतच तिच्या घट्ट केलेल्या तेलाचा समावेश आहे, त्यामुळे योग्य परवान्यावाचून असे निष्कर्षण करणे हा महाराष्ट्रात गंभीर गुन्हा ठरतो. जुन्नर–आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात निष्कर्षणाचा कारखाना काढावयाचाच असेल, तर तो हिरड्याचा काढावा: विद्रावक पाणी आहे, स्फोटाचे भय नाही, अबकारीचा प्रश्न नाही, आणि कच्चा माल बाहेर पाठविण्याऐवजी अर्क पाठविला तर त्याच्या मोलाचा वाटा फळे वेचणाऱ्या घरांपर्यंत पोहोचविता येतो.