मक्खन आणणारा रतन आणि जोतीरावांचे नाटक

आजचा विषय पेशव्यांच्या मोहिमांचाही नाही आणि पानिपताचाही नाही. आज बोलणार आहे एका नाटकाबद्दल. कारण घरचेच आहे. आम्ही गाझियाबादला वसुंधरात राहतो. नात केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकते. नववीच्या वर्षी तिला हिंदीत ‘कृतिका’ नावाचे पूरक पुस्तक होते, आणि त्यात जगदीशचंद्र माथुर यांची ‘रीढ़ की हड्डी’ ही एकांकिका. माथुर इकडचेच, आमच्याहून फार लांब नसलेल्या खुर्जाचे. आय.सी.एस. अधिकारी आणि पुढे आकाशवाणीचे महासंचालक. दिल्लीच्या आसपासच्या कितीतरी पिढ्यांनी ही एकांकिका शाळेत वाचली आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. रामस्वरूपबाबूंची मुलगी उमा बी.ए. झालेली. पण पाहुण्यांना कमी शिकलेली सून हवी, म्हणून बाप तिचे शिक्षण लपवतो. मुलाचे वडील वकील, मुलगा डॉक्टरीला. उमेला बाजारातल्या वस्तूसारखी पारखतात. शेवटी ती तोंड उघडते आणि मुलाला खरोखर पाठीचा कणा आहे का, असा हिशेब विचारते. पाहुणे तरातरा निघून जातात. तेवढ्यात नोकर रतन आत येतो, मालकाने आणायला पाठवलेले मक्खन घेऊन.

नातीला शाळेत प्रश्न होते ते उमेवर, तिच्या वडिलांवर, नावाच्या अर्थावर. ते योग्यच. पण एका संध्याकाळी तिने मला विचारले, “आजोबा, रतनचं काय?” पडदा उघडतो तेव्हा तो तख्त उचलून आणतो आहे आणि शिव्या खातो आहे. शेवटी मक्खन घेऊन उभा आहे आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही. उमेला निदान वाचा आहे, कारण ती शिकली आहे. रतनला लेखकाने दिले ते फक्त प्रेक्षकांना हसवण्याचे काम.

तिने पुढे विचारले, “मराठीत असं नाटक आहे का, ज्यात रतनच मुख्य आहे?” आहे. आणि गंमत पाहा, त्याचे नावही रत्नावरूनच आहे. ‘तृतीय रत्न’. लेखक जोतीराव फुले, साल १८५५.

आता जरा मागे जायला हवे. पुण्यात दक्षिणा म्हणून एक प्रकार होता. सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावला सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी चालवली. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना पैसे वाटायचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात विद्वत्तेची परीक्षा सैल झाली आणि गर्दी वाढली. १८१८ला पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी हा खर्च एकदम तोडला नाही. एल्फिन्स्टन धोरणी माणूस होता. पुण्याचा ब्राह्मणवर्ग बिथरू नये म्हणून दक्षिणा काटछाट करून चालू ठेवली आणि १८२१ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. लष्करी भाषेत सांगायचे तर किल्ला घेतला, पण आतल्या मानकऱ्यांचा तनखा राखला.

१८४९च्या सुमाराला काही तरुण सुधारकांनी सरकारला अर्ज केला की दक्षिणेतला काही पैसा मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना द्या. अर्ज करणारे बहुतेक ब्राह्मणच होते, हे विसरू नका. त्यावर पुण्यात मोठा गदारोळ उठला. अर्ज नेणाऱ्यांना मारहाण होईल अशी भीती होती, तेव्हा जोतीरावांनी दोनेकशे माणसे त्यांच्या पाठीशी उभी केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे जी बक्षीस कमिटी पुढे उभी राहिली, तिच्या पायाभरणीत या माणसाचाही हात होता.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी त्याच विश्रामबागवाड्यात मुलींच्या शाळांबद्दल जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला. शालजोडी दिली मेजर कँडी यांनी. हा मेजर आमच्या बिरादरीतला म्हणून मला जवळचा वाटतो. मोल्सवर्थच्या कोशात राबलेला आणि मराठी क्रमिक पुस्तकांची भाषा तपासणारा माणूस. मराठीत आपण स्वल्पविराम, पूर्णविराम देतो त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

त्या सत्कारानंतर तीनच वर्षांनी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, आणि कमिटीने ते नाकारले. पुढे १८७३च्या ‘गुलामगिरी’त त्यांनीच हे नोंदवले आहे. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांचे म्हणणे. शाळा काढली तर शालजोडी आणि नाटक लिहिले तर नकार, असे का, हे नाटकात काय आहे ते पाहिल्यावर कळते.

एक कुणबी जोडपे आहे. बाई गरोदर. जोशी दारात येतो आणि पोटातल्या मुलाला ग्रहांची पीडा आहे म्हणून घाबरवतो. मग शांत, दान, ब्राह्मणभोजन. घरात खायची मारामार असताना जोडपे ओढाताण करून सगळे पार पाडते. पुढे एक पाद्री भेटतो आणि त्यांच्याशी वाद घालतो. या सगळ्यात एक विदूषक आहे, तो मधेमधे प्रेक्षकांना खरे काय चालले आहे ते सांगतो. शेवटी नवराबायको ठरवतात की आपण शिकायचे, जोतीराव-सावित्रीबाईंनी प्रौढांसाठी काढलेल्या रात्रीच्या शाळेत जायचे.

खरे सांगायचे तर नाटक म्हणून ते सगळीकडे उभे राहत नाही. पाद्रीबुवांची भाषणे लांबतात. मला तर ती वाचताना परेडनंतरच्या व्याख्यानाची आठवण झाली. पण विदूषक पाहा. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खादाड ब्राह्मण मित्र असतो. जोतीरावांनी त्याला राजाजवळून उचलून कुणब्याच्या अंगणात आणला आणि सगळ्यांत तीक्ष्ण नजर त्याला दिली. आणि काळ लक्षात घ्या. विष्णुदास भाव्यांचे ‘सीता स्वयंवर’ सांगलीला होऊन जेमतेम बारा वर्षे झाली होती. रंगभूमीवर देव आणि राक्षस नाचत होते. तेव्हा हा माणूस कुणब्याच्या घरातली भीती आणि त्या भीतीवर चालणारा धंदा लिहीत होता.

आता पैशाचा माग काढा. दक्षिणा यायची सरकारी तिजोरीतून, तिजोरी भरायची शेतसाऱ्यातून, आणि सारा भरायचा कुणबी. म्हणजे नाटकातला कुणबी जोश्याला थेट देतो आणि सरकारमार्फत पुन्हा देतो. ज्या कमिटीने त्याची गोष्ट नाकारली, तिची बक्षिसेही त्याच्याच घामाची. हाच हिशेब जोतीरावांनी १८८२ला हंटर कमिशनपुढे मांडला. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते, तेव्हा आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी सांगितले.

इथे माझी एक गोष्ट सांगतो. ती सांगायला फारशी आवडत नाही.

ऐंशीच्या दशकात मी कॅप्टन होतो. एक जवान घरचे पत्र घेऊन आगाऊ पैसे मागायला आला. बायको गरोदर, ग्रह वाईट, शांत करायची म्हणून गावाहून मागणी. मी पैसे मंजूर केले, पण चार लोकांसमोर त्याची थट्टाही केली. युनिफॉर्म घालतोस आणि ग्रहांना घाबरतोस, असे काहीसे बोललो. लोक हसले. तो सावधानमध्ये उभा होता. पुढे बऱ्याच दिवसांनी सुभेदारसाहेबांकडून कळले की त्याच्या बायकोला लिहिता येत नव्हते, पत्र गावातल्या शांत करणाऱ्यानेच लिहून दिले होते, आणि जवानालाही ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले होते. मी ग्रहांवर बोललो, पण पत्र कुणाच्या हातचे आहे हे विचारलेच नाही. ‘तृतीय रत्न’ मी निवृत्तीनंतर वाचले. वाचताना त्यातला पाद्री मी होतो, असे वाटले. फरक एवढाच की पाद्रीने निदान वाद तरी घातला, मी नुसते हसवले.

लष्कराबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, तिचा इतिहासाशी थेट संबंध आहे. कंपनीच्या आणि नंतरच्या मुंबई फौजेत शिपायांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय होती. गावात ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू देत नसत, त्या महार शिपायांच्या घरात अक्षरे गेली ती छावणीतून. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. महूच्या छावणीत १८९१ला त्यांच्या घरी मुलगा झाला, तो भीमराव. म्हणजे कुणब्याच्या नाटकातली रात्रीची शाळा जे मागत होती, ते काही थोड्या लोकांना वर्दीमुळे मिळाले. पुढे त्याच फौजेने महारांची भरती बंद केली, तेही खरे.

हस्तलिखिताचे पुढे काय झाले? जोतीरावांनी नाद सोडला नाही. जोश्या-भटांच्या याच विषयावर ‘ब्राह्मणांचे कसब’ हे पुस्तक त्यांनी १८६९ला छापले. नाटक मात्र त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९६९ला राज्य सरकारने त्यांच्या समग्र वाङ्मयाची पहिली आवृत्ती काढली, तिच्यातही ते नव्हते. १९७९ला ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात ते प्रथम छापून आले. लिहिल्यापासून एकशे चोवीस वर्षांनी. आता विद्यापीठांत त्यावर प्रबंध लिहितात, आणि आधुनिक मराठी नाटकाची सुरुवात कुठून धरायची याचे वाद त्याच्यावरून होतात.

हे सगळे मी नातीला स्वयंपाकघरात बसून सांगत होतो. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई बुलंदशहराकडच्या. मराठी त्यांना समजत नाही, पण ‘रीढ़ की हड्डी’ हे नाव कानावर पडताच म्हणाल्या, “ये तो मेरे लड़के की किताब में भी है.” त्यांचा मुलगा सरकारी शाळेत नववीला. दर महिन्याला त्या मोबाइल माझ्यापुढे धरतात, “अंकलजी, बँक का मैसेज पढ़ दो.” मी इतकी वर्षे वाचून देत आलो, आणि मला त्यात मोठेपणाच वाटत होता. नातीने पोळीचा तुकडा मोडला आणि विचारले, “मग त्यांना वाचायला कोण शिकवणार?”

सध्या संध्याकाळी साडेसहाला अर्धा तास बसतो. नात शिकवते. मला शिकवायची परवानगी नाही, कारण माझा आवाज परेडचा आहे म्हणे. पहिला धडा बँकेचा संदेश होता, दुसरा त्यांच्या मुलाची गुणपत्रिका. त्या दिवशी त्यांनी मुलाचे गणिताचे गुण स्वतः वाचले आणि त्याने घरी दहा वाढवून सांगितले होते हे उघडकीला आले. मुलगा सध्या माझ्यावर नाराज आहे.

पुढच्या भागात दक्षिणेचा जुना हिशेब घेऊ. प्रश्न लिहून पाठवा, नमस्कार.