रीलमधल्या रस्त्याची मालकीण

तर मंडळी, टस्कनीच्या रील्समधला तो सायप्रसच्या झाडांचा नागमोडी रस्ता आठवतोय? तो आयरिस ओरिगो आणि तिच्या इटालियन नवऱ्याच्या काळातला. वडील अमेरिकन, पैसाही तिकडचा. 1924 मध्ये लग्न करून ती ला फोचेला आली, तेव्हा जमीन धूप होऊन उजाड होती. कुळं अर्धेलीने कसायची, निम्मं पीक मालकाचं. (रोमँटिक कोणासाठी, ते कळलंच!) तिने शाळा काढली, दवाखाना काढला.

मग युद्ध आलं. जिनोआ-ट्यूरिनची 23 मुलं तिच्याकडे, शिवाय रानात लपलेल्या पळपुट्या कैद्यांना जेवण. सापडलं तर गोळीच! तरी बाई लपूनछपून डायरी लिहितेय. जून 1944 मध्ये जर्मनांनी घर सोडायला लावलं. तान्ह्या बाळांसकट साठेक जण, सुरुंगांच्या रस्त्याने चालत मोंतेपुल्चानोला निघाले. गावकरी सामोरे आले आणि त्यांनी मुलांना खांद्यावर उचललं.