दूरचा मार्गदर्शक

माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणे मार्गदर्शकांच्या कपाटात आठ महिने पडून होती. विद्यापीठ माझ्या गावापासून रात्रभराच्या एस.टी.वर. भेटायला गेलो की सर ‘बघतो’ म्हणत. घरातला पहिलाच पदवीधर मी. दाद मागायची कोणाकडे? आज मी स्वतः मार्गदर्शक आहे. दूरच्या तालुक्यात शिक्षिका असलेली माझी विद्यार्थिनी फोनवर प्रकरणे पाठवते, तेव्हा मला बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंध आठवतो.

१९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि बाबासाहेबांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. त्यांचे सामान आणणारी बोट पाणतीराने बुडाली. ग्रंथ, कागदपत्रे समुद्रात गेली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांनी मदत केली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. दार उघडे ठेवलेले होते म्हणूनच त्या पैशाला अर्थ आला.

ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर झाला. साम्राज्याच्या चलननीतीवरील त्यातली कठोर टीका परीक्षकांना रुचली नाही. त्यांनी फेरलेखन सांगितले. हातचे पैसे संपलेले. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईस आले, येथूनच प्रबंध पुन्हा लिहून धाडला, पण निष्कर्ष सोडले नाहीत. नोव्हेंबरात डी.एस्सी. मिळाली, डिसेंबरात ग्रंथ निघाला. त्याच्या प्रस्तावनेत कॅनन यांनी बाबासाहेबांचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नसल्याचे स्पष्ट लिहिले आणि त्यांच्या विचारांतल्या ताजेपणाचे मोल त्याच पानावर मान्य केले.

कॅनन यांचा मोठेपणा एवढाच सांगून थांबलो तर इतिहास अर्धा राहील. अंतराची किंमत विद्यार्थ्यानेच भरली. आजही तोच भरतो: बिनपगारी रजा, एस.टी.चे भाडे, उत्तराची वाट पाहण्यात गेलेली वर्षे. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचे एक वर्ष वाया गेले तर चालते. आमच्या मुलांची शिष्यवृत्ती मुदतीची असते. म्हणून मार्गदर्शकाने वेळेवर वाचणे ही मेहेरबानी नव्हे, तो सामाजिक न्यायाचाच भाग आहे.

काल रात्री तिचे तिसरे प्रकरण वाचून संपवले. तिचा निष्कर्ष मला पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहिले, दोन पुरावे आणखी मागितले आणि सकाळीच पाठवून दिले. निष्कर्ष तिचाच राहील.